पूर ओसरल्यावरची तीन वर्षं : मंडळीनं काय करावं, काय टाळावं

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, आणि तिथं धोका ४३ फुटांनाच सुरू होतो. आमच्याकडे हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पाणी उतरलं तसे मदतीचे ट्रक आले. गणपतीपर्यंत रांग होती, दसऱ्याला विरळ झाली, दिवाळीला एकही ट्रक दिसेना. घराघरांतलं काम मात्र तेव्हा कुठं सुरू होत होतं.

आमच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांनी, त्या वर्षी काय केलं, तर कपडे गोळा केले. चर्चच्या मागची खोली छतापर्यंत भरली. त्यात लग्नातले कोट होते, एका पायाचे बूट होते, जरीचा एक घागरासुद्धा होता. ते गाठोडं आठ महिने हललं नाही. उंदरांनी त्यात संसार थाटला आणि शेवटी आम्हीच टेम्पो भाड्यानं आणून ते बाहेर काढलं. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, तिकडं चिपळूण-महाडही बुडालं, तेव्हा आम्ही पहिला ठराव केला तो कपडे न घेण्याचा. मंडळीची सचिव म्हणून त्यानंतर जे शिकले ते इथं मांडते. नदीकाठच्या कुठल्याही मंडळीला, मग ती प्रोटेस्टंट असो वा कॅथलिक, ते थोड्या फरकानं लागू पडेल.

आधी वही, मग वाटप

यरुशलेमेला पोचल्यावर बायबलमधल्या नहेम्यानं काय केलं ते आठवा. कुणाला काही न सांगता तो रात्री बाहेर पडला आणि पडलेला तट फिरून बघून आला. लोकांना गोळा करणं त्यानंतरचं. आपण नेमकं उलटं करतो. आधी बॅनर छापतो, मग गरजू शोधतो.

पाणी उतरून चिखल निघाला की दोन-दोन माणसांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीत एक बाई हवीच. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, पहिल्या फेरीत पाठवू नका. त्यांच्यासमोर लोक "देवाच्या कृपेनं सगळं ठीक आहे" म्हणतात आणि चहा ठेवतात. तीच काकू भगिनी मंडळातल्या बाईला आत नेऊन ओली गादी दाखवते.

शंभरपानी वही घ्या आणि एका कुटुंबाला दोन पानं ठेवा. घरात कोण कोण आहे, कुणाला औषध चालू आहे, घर स्वतःचं की भाड्याचं, जागा कुणाच्या नावावर, पाणी भिंतीवर किती फुटांपर्यंत चढलं, पंचनामा झाला का, कमाई कशावर आणि ती आज चालू आहे की बंद. खाली एक ओळ मोकळी सोडा: "त्यांना स्वतःला आधी काय हवं वाटतं?" या ओळीत आमच्याकडे निघालेली उत्तरं आम्ही कधीच ओळखली नसती. एका घरात पोराची दहावीची मार्कशीट हवी होती. एकीला संडासाचं दार हवं होतं. भिंत नसली तरी चालेल, दार नसल्यानं तिला पहाटे अंधारात उठावं लागत होतं.

मग किती कुटुंबं धरायची ते ठरवा, आणि इथं हात आखडता घ्या. ऐंशी-नव्वद घरांच्या मंडळीला शेवटपर्यंत निभावता येतात ती बारा ते पंधरा कुटुंबं. शंभर घरांना एकेक किट देणं सोपं असतं आणि फोटोही चांगला येतो. पंधरा घरांकडे तीन वर्षं दर महिन्याला जाणं जड जातं. निवडताना ग्रामसेवक, आशाताई आणि अंगणवाडीच्या बाईंशी बोला. कुठल्या घराला कुणीच विचारलेलं नाही ते त्यांना ठाऊक असतं. बहुतेक वेळा ती घरं सखल भागातली, भूमिहीन मजुरांची किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईची असतात. यादीत मंडळीबाहेरची कुटुंबं निम्मी तरी ठेवा.

कागदांचं टेबल

मंडळीनं एकच काम करायचं ठरवलं तर मी हे करायला सांगेन. दर रविवारी उपासना संपली की बाहेर ओट्यावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि कागदपत्रं समजणारा एक माणूस. निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, कुणीही. मंडळीत असा माणूस असतोच, त्याला बहुधा फक्त कापणीच्या सणाच्या लिलावाचा हिशोब दिलेला असतो.

सरकारी मदतीचं मूळ पंचनाम्यात असतं. तलाठी, ग्रामसेवक, शेती असेल तर कृषी सहायक येऊन तो करतात. त्या दिवशी घर बंद असेल, माणसं निवाऱ्यात किंवा पाहुण्यांकडे असतील, तर नाव सुटतं. म्हणून पहिलं काम म्हणजे यादी लागली की ती आपल्या वहीशी ताडून बघणं. नाव नसेल तर लेखी अर्ज, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच. तोंडी सांगितलेलं ऑफिसात कुणाच्याच लक्षात राहत नाही.

रकमांचा अंदाज कुटुंबाला आधीच द्या, म्हणजे कुणी भुलवणार नाही. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,०००, दुभत्या म्हशीला किंवा गाईला ३७,५०० आणि शेळीला ४,००० रुपये होते. राज्य सरकार त्यात वेळोवेळी भर घालतं, तेव्हा त्या वर्षीचा शासन निर्णय काढून टेबलावर ठेवा. "अंशतः" आणि "पूर्ण" या दोन शब्दांत लाखाहून जास्त अंतर आहे, हे लक्षात आलं की फोटो का काढून ठेवायचे ते वेगळं सांगावं लागत नाही. भिंत उतरवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, एका फोटोत घरमालक उभा असू दे. म्हैस वाहून गेली असेल तर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर शोधा. दूध डेअरीच्या किंवा जनावरांच्या डॉक्टरांच्या नोंदीत तो सापडू शकतो.

सगळ्यात चिवट गाठ असते ती मेलेल्या माणसाच्या नावाची. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, चार भाऊ, वारसनोंद नाही. पैसे मंजूर होऊनही खात्यावर येत नाहीत. ही गाठ सोडवायला वर्ष जातं, पण सुटली की पुढच्या प्रत्येक पुराला उपयोगी पडते. टेबलावरच्या माणसाला चिकाटी हवी ती इथं. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, मृत्यूचा दाखला, भावांची संमती असं एकेक जमवत जायचं. मुंबईतला भाऊ सहीला येत नसेल तर पाळकसाहेबांचा फोन इथं कामी येतो. इथं जरूर वापरा तो.

कागद हाती आले की झेरॉक्सचा एक संच चेन असलेल्या प्लॅस्टिक पाकिटात घालून कुटुंबाला द्या आणि मोबाईलवर डिजिलॉकर उघडून द्या. दुसरा संच मंडळीनं स्वतःकडे ठेवू नये. आधारच्या प्रती चर्चच्या कपाटात पडून राहणं बरं नव्हे.

पैशाचं

पूरमदतीची वही वेगळी, पावतीपुस्तक वेगळं. चर्चच्या रंगरंगोटीच्या निधीत ते पैसे एक दिवसही राहू देऊ नका. चर्चच्याही भिंतीला पाणी लागलेलं असतं, आणि कमिटीत कुणीतरी म्हणतंच की आधी देवाचं घर नीट करू. आमच्याकडे या एका विषयावर रात्री अकरापर्यंत बैठक चालली. शेवटी मंडळीचे एक वडील, म्हणजे कमिटीतले जाणते पुढारी, उठून म्हणाले, "बाकावर पाणी चढलं तर बाक वाळतो. माणसं आधी." त्या वर्षीचा नाताळ आम्ही सोललेल्या भिंतींतच साजरा केला.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत सावध राहा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायदा, त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परक्या नागरिकाकडून किंवा परदेशी चर्चकडून एक रुपयाही घेता येत नाही. आपला नातेवाईक भारतीय पासपोर्टवर दुबईत असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं की चित्र बदलतं, मग तो सख्खा भाऊ का असेना. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेनं घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. तेव्हा "अमुक ट्रस्टच्या खात्यावर मागवू आणि आपण घेऊ" हा गोड सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. १९४७ पासून काम करणाऱ्या कासा या चर्चच्या मदतसंस्थेनं किंवा कॅथलिकांच्या कॅरितास इंडियासारख्या संस्थांनी स्वतः इथं येऊन काम करावं, आपण त्यांना वही दाखवावी, हा सरळ रस्ता.

देशातल्या देणगीदाराला कर सवलतीची पावती द्यायची असेल तर रोख दोन हजारांपर्यंतच चालते. त्यावरची रक्कम बँकेतून घ्या. दर तीन महिन्यांनी हिशोब उपासनेनंतर मोठ्यानं वाचून दाखवा. नावं वाचू नका. "एका घराला वायरिंगसाठी इतके" एवढं पुरे.

घर : घाई करू नका

लोकांना दिवाळीच्या आत गिलावा हवा असतो. भिंत आतून ओली असताना गिलावा केला तर तो पुढच्या उन्हाळ्यात फुगून पडतो आणि पैसे पाण्यात जातात, दुसऱ्यांदा. सोपी परीक्षा आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव धरलं असेल तर भिंत अजून वाळायची आहे. तोवर फरशी, दारं, मोरी, संडास ही कामं काढा. वायरिंग परवानाधारक वायरमनकडून तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका, आणि नवी वायरिंग करताना बोर्ड पाण्याच्या खुणेच्या वर घ्या. मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर बसतात. रिकाम्या घरात सामान आणायला गेलेल्या माणसावर भिंत कोसळते ती अशीच. तरुण संघाच्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगा.

पोरांवरून आठवलं. हौशी हातांनी भिंती बांधू नयेत. त्यांनी चिखल काढावा, विटा वाहाव्यात, पाणी मारावं. बांधकाम गावातल्याच गवंड्याला द्या, त्यालाही पुरानं घरी बसवलेलं असतं. पैसे एकरकमी न देता जोत्यापर्यंत, छतापर्यंत, पूर्ण झाल्यावर असे तीन टप्प्यांत द्या.

भाडेकरूंबाबत आम्ही घोळ घातला होता. एका भाड्याच्या घराचं छप्पर मंडळीच्या पैशानं नवं करून दिलं. सहा महिन्यांत मालकानं भाडं वाढवलं आणि कुटुंब बाहेर पडलं. छप्पर मालकाला राहिलं. तेव्हापासून भाड्याच्या घराला हात लावण्याआधी मालकाकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतो की तीन वर्षं हेच कुटुंब राहील आणि भाडं वाढणार नाही. मालक तयार नसेल तर तेवढेच पैसे त्या कुटुंबाला दुसरीकडच्या अनामतीसाठी देतो.

आणखी एक अवघड गोष्ट. घर निळ्या पूररेषेच्या आत असेल तर? निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. आमच्याकडे २०१९ आणि २०२१ मध्ये दोनच वर्षांचं अंतर होतं, तेव्हा त्या "एकदा"वर फार विसंबू नका. अशा जागी नवं पक्कं घर उभारायला मंडळीचा पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राहण्याजोगी डागडुजी करा, मजबूत माळा करून द्या, आणि गावठाण विस्ताराच्या अर्जामागे लागा. पण "इथून उठा" असं आपण सांगायचं नाही. हे किल्लारीनं शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडची बावन्न गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, रस्ते सरळ आणि रुंद. कागदावर उत्तम. पण शेत लांब गेलं, जनावरांना जागा राहिली नाही, शेजार तुटला. अनेक गावं देणगीदार संस्थांनी ठेकेदारांकडून बांधून घेतली आणि चावी हातात आल्यावर लोकांना कळलं की चूल कुठं मांडायची हे कुणी विचारलंच नव्हतं. जिथं लोक आपल्याच जागी राहून घर दुरुस्त करत होते तिथं गावातल्याच बायकांना संवाद सहायक नेमलं, त्या घरोघरी जाऊन कामाची माहिती देत. आपल्या भगिनी मंडळाला हे काम सहज पेलेल.

चूल पेटती ठेवणारं काम

एका अक्काचं शिलाई मशीन दोन दिवस पाण्यात होतं. तिला कुणीतरी नवं मशीन देऊ केलं. ती म्हणाली, "नवं नको, ह्याचा हात मला माहीत आहे." मग तिच्या दिरानं मशीन उघडलं, प्रत्येक पुर्जा रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासला, वाळवून मशीनचं तेल दिलं. मोटर गेली होती ती बदलली. नव्या मशीनच्या पाव खर्चात काम झालं, आणि आठव्या दिवशी ती ब्लाऊज शिवत होती. मदत ठरवण्याआधी असं विचारलं तर पैसेही वाचतात.

मजुरी करणाऱ्या बाईचं नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. ऊस बुडाला की मालकाला काही ना काही भरपाई मिळते, भांगलणीला जाणारीचे तीन महिने कोरडे जातात. त्यात मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता. वसुलीवाला चिखलातही येतो. इथं मंडळीनं करायचं काम असं की चार-पाच जणींबरोबर शाखेत जायचं, पंचनाम्याची प्रत जोडून हप्ते पुढं ढकलण्याचा लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. एकटी बाई गेली तर तिला दारातूनच परतवतात, पाचजणी आणि सोबत शाळेचे निवृत्त हेडमास्तर असले की खुर्ची मिळते. मंडळीनं स्वतः मात्र कर्ज देऊ नये. हप्ता थकला की माणूस आधी उपासनेला यायचं बंद करतो. द्यायचं ते देऊन टाका.

मनाचं, आणि पाळकाचंही

पुढच्या जुलैत पहिला सलग पाऊस लागला की बायका रात्री उठून उंबऱ्याबाहेर बॅटरी मारून बघतात. मुलं दप्तर उशाशी घेऊन झोपतात. त्या आठवड्यात वहीतल्या प्रत्येक घरी जा. काम काहीही काढू नका, बसा. "देवाची योजना असेल" हे वाक्य उच्चारू नका. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यापुढं तर नाहीच. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते तोवर ठीक होते, बोलायला लागले आणि बिघडलं. झोप महिनोन्‌महिने येत नसेल, दारू वाढली असेल, कुणी मरणाचं बोलत असेल तर ते प्रार्थनेवर सोपवून थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. पहिला फोन शेजारी बसून लावून द्या.

पाळकसाहेबांचं घरही बहुधा बुडालेलं असतं आणि तरी ते रोज दुसऱ्यांच्या दारात उभे असतात. सहाव्या-सातव्या महिन्यात ते चिडचिडे होतात, उपदेश लांबतात. कमिटीनं त्यांना दोन आठवड्यांची सक्तीची सुटी द्यावी आणि त्या काळात फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा.

किटमध्ये पत्रिका नको

धान्याच्या पिशवीत शुभवर्तमानाची पत्रिका घालायची नाही. मदत घेणाऱ्याला उपासनेचं आमंत्रण द्यायचं नाही. त्याचा फोटो काढायचा नाही. तो आपणहून आला तर दार उघडंच आहे. गावात कुजबूज होऊ नये हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं आहे. उपाशी माणसाला नाही म्हणता येत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला काही विचारणं मला बरं वाटत नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला. आज तिथल्या लोकांना "मिशन" म्हटलं की आधी तो दवाखाना आठवतो, आणि आपल्याला दारात उभं करून घेतात ते त्या पुण्याईवर. ती उधळायची नसेल तर देवळाच्या ट्रस्टबरोबर, जमातीबरोबर आणि तालमीच्या पोरांबरोबर एकाच यादीवर काम करा. २०२१ ला आमच्या कागदांच्या टेबलाची दुसरी खुर्ची एका मौलवींच्या मुलाची होती. त्याची टायपिंग फार चांगली.

वही कधी मिटायची

कुटुंब स्वतः म्हणेल तेव्हा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पंधरातली आठ-नऊ घरं "आता आमचं चालतंय" म्हणतात. उरलेल्यांत आजारपण, कोर्ट, दारू असं काहीतरी जुनं असतं, पुरानं ते फक्त वर आणलेलं असतं. त्यांच्यासाठी तिसरं वर्ष.

मिटलेल्या पानांचाही एक उपयोग राहतो. दर मे महिन्यात तीच वही काढा आणि पुढच्या पुराची यादी करा: कोण उचलून न्यावं लागेल, कुणाकडे किती जनावरं आहेत आणि ती कुठं हलवायची, कुणाच्या इन्सुलिनला फ्रीज लागतो, कुणाकडे ट्रॅक्टर आहे. चर्चचा हॉल निवारा म्हणून जाहीर करण्याआधी त्याच्या भिंतीवरची पाण्याची खूण बघा. राजाराम बंधारा ३९ फुटांवर किंवा आयर्विन पूल ४० फुटांवर गेला, म्हणजे इशारा पातळी आली, की कोण कुणाला फोन करणार ते नावानिशी लिहा. आणि ते नंबर मे महिन्यातच लावून बघा. मागच्या वेळी चौदातले पाच बदललेले निघाले.